डोळे दुरुस्त झाले, पुढे काय?

डोळा म्हणजे कॅमेरा, हे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाने आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंय की पुढचा प्रश्न आपण विचारतच नाही. कॅमेऱ्याने फोटो काढला, मान्य. पण तो बघतं कोण? डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडतात ते नुसते उजेडाचे आणि रंगांचे ठिपके. त्यातले कुठले ठिपके मिळून खुर्ची आणि कुठले मिळून तिच्यामागची भिंत, हे ठिपक्यांवर लिहिलेलं नसतं. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत, येतो तो रॉ डेटा. बाकी सगळं सॉफ्टवेअर!

माक्स वेर्थायमर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये या सॉफ्टवेअरचे काही नियम मांडले. जवळजवळ असलेल्या, सारख्या दिसणाऱ्या, एकत्र हलणाऱ्या गोष्टी मन एका गटात टाकतं. कुंपणावरचा सरडा हलेपर्यंत दिसत नाही ना, तेच.

आता खरी गंमत. हे नियम जन्मतःच येतात की शिकावे लागतात? तान्ह्या बाळाला विचारायची सोय नाही. पण जन्मापासून न दिसणाऱ्या आणि मोठेपणी दृष्टी मिळालेल्या माणसाला विचारता येतं. एमआयटीचे पवन सिन्हा यांचा 'प्रोजेक्ट प्रकाश' भारतात नेमकं हेच करतो: अशा मुलांवर उपचार आणि सोबत संशोधन. २००९ च्या त्यांच्या एका अभ्यासात ७, १३ आणि २९ वर्षांचे तिघे जण होते. एकमेकांवर आलेला चौकोन आणि वर्तुळ दाखवलं, तर आपल्याला दोन आकृत्या दिसतात. त्यांना रेषांनी पाडलेला प्रत्येक तुकडा वेगळी वस्तू वाटायचा. मात्र आकृत्या हलवल्या की तुकडे जुळायचे! आणि काही महिन्यांनी स्थिर चित्रंही कळायला लागली.

सगळंच शिकावं लागतं असंही नाही, बरं का. २०१५ च्या अभ्यासात नुकतीच दृष्टी मिळालेली मुलं रेषांच्या लांबीच्या दृष्टिभ्रमांना आपल्यासारखीच लगेच फसली. म्हणजे काही कोड आधीच इन्स्टॉल केलेला असतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारं एक वाक्य: "आता पोरगं दहा वर्षांचं झालं, ऑपरेशन करून काय उपयोग?" जन्मजात मोतीबिंदू जितक्या लवकर काढाल तितकं चांगलं, यात वाद नाही. उशीर झाला तर नजर पूर्ण तीक्ष्ण होत नाही, हेही खरं. पण त्यावरून "उपयोग नाही" म्हणणं चूक आहे. वरचा २९ वर्षांचा माणूस बघायला शिकलाच की.

दुसरी चूक उलट्या बाजूची. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, फोटो काढला, संपलं! हार्डवेअर बदलून मशीन बंदच ठेवण्यासारखं आहे हे. पट्टी निघाल्यावर मूल गोंधळलं, डोळे मिटून हातानेच चाचपायला लागलं, तर घरच्यांना वाटणार ऑपरेशन फसलं. त्यांना आधीच कुणीतरी बसवून सांगायला नको का, की आता काही महिने हे असंच चालणार? चेंडू नुसता समोर ठेवू नका, घरंगळवा, मग हातात द्या. डॉक्टरांना वेळ नसेल तर नर्सने सांगावं, पण ऑपरेशनच्या कागदाबरोबर एवढं घरी जायलाच हवं.