मजुरांची बिअर

माझा भाचा ब्रुसेल्सला असतो. मागे त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याने मला एनो प्रांतातल्या तूर्प नावाच्या खेड्यात नेले. तिथे द्युपाँ मंडळींची बिअरची भट्टी आहे, शेतवाडीतच. गावातल्या कॅफेत टेबलावर बाटली आली, बूच फट्कन उडाले आणि भाच्याचे कीर्तन सुरू झाले. “मामा, ही सेझाँ. शेतमजुरांची बिअर! उन्हाळ्यात राबणाऱ्यांसाठी हिवाळ्यात करून ठेवायचे.”

मी लेबल वाचले. अल्कोहोल ६.५ टक्के. साडेसहा टक्के म्हटलं की मला आधी मुदत ठेव दिसते; पण इथे शंका आली. हातात विळा असलेल्या माणसाला दिवसभर ही पाजली, तर संध्याकाळपर्यंत पीक कमी आणि पायच जास्त कापले जायचे! अहो, जुनी सेझाँ बरीच हलकी, तहानेपुरती होती, असे बिअरचे जाणकारच लिहितात. ती अशी जोरकस झाली पुढे, विसाव्या शतकात, पैसे मोजून पिणाऱ्यांसाठी.

आणि हिवाळ्याचे म्हणाल, तर त्यात मजुरांचा कळवळा कुठला? थंड करायची यंत्रे नव्हती, उन्हाळ्यात केलेली बिअर नासायची. हिवाळ्यात गडी रिकामे, शिवाय उरलेला चोथा गुरांना. सगळ्या नोंदी मालकाच्या जमेला! वर मजुरीचा काही भाग बिअरमध्येच चुकता करत, असे तिकडे कौतुकाने सांगतात. कौतुकाने! उद्या आमच्या बँकेने पगारातले चार पैसे चहाच्या रूपात द्यायचे ठरवले, तर युनियन किटलीसकट साहेबांच्या केबिनमध्ये घुसेल. आणि शंभर वर्षांनी तोच चहा कुणीतरी ‘अस्सल कारकुनी परंपरा’ म्हणून बुचाच्या बाटलीत विकील.

द्युपाँशी माझे भांडण नाही. त्या जागी १८४४ पासून बिअर होते आहे. १९२० साली आल्फ्रेड द्युपाँने ती वाडी भट्टीसकट विकत घेतली, कारण मुलगा लुई शेती करायला कॅनडाला निघाला होता. मुलगा घरी राहावा म्हणून बाप भट्टी घेतो! आमच्याकडे मुलगा भट्टीवर जाऊ नये म्हणून बाप घरी बसतो. ही खरी गोष्ट सांगा की लोकांना. मेलेल्या मजुरांना अजून कशाला राबवता?

हे सगळे मी भाच्याला ऐकवले. त्याने शांतपणे विचारले, “पण लागली कशी?”

मिरपुडीसारखी चुरचुरीत, शेवटी कोरडी. चांगली लागली हो, खोटं कशाला बोला!

“मग आणखी एक मागवू?”

“बिल कोण देणार?”

“मी.”

मजुरांचा विषय मी तिथेच थांबवला.