लॅपटॉपचं नाव नको, वॅट विचारा!

कॅप राउंड संपले, फर्स्ट इयरची पोरं गाद्या आणि ट्रंका घेऊन होस्टेलला आली, की पहिल्या आठवड्यात दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. पहिला, "दादा, मेसचं जेवण रोज असंच असतं का?" आणि दुसरा, "दादा, कुठला लॅपटॉप घेऊ? गेमिंगवालाच पाहिजे." पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही. खरं सांगितलं तर पोरगं त्याच रात्री एसटी पकडेल! दुसऱ्याचं मात्र मनापासून द्यावंसं वाटतं. दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून यंदा मासिकात लिहूनच टाकतो.

एवढं मनावर घेण्याचं कारण साधं आहे. बरा म्हणावा असा गेमिंग लॅपटॉप ८० हजार ते सव्वा लाखाच्या घरात जातो. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी बाबांची मोटरसायकलसुद्धा एवढ्याची नाही. हे पैसे कुणाकडे सोयाबीनच्या पट्टीतून येतात, कुणाकडे आईच्या भिशीतून, तर कुणाकडे बँकेच्या शैक्षणिक कर्जातून. आणि खर्च कसे होतात? दुकानातला सेल्समन जे बोलेल त्यावर, नाहीतर मोबाईलवर बघितलेल्या दहा मिनिटांच्या व्हिडिओवर! बैल घेताना आमचे आजोबा चार बाजार फिरायचे, दात मोजायचे. आपण लाखाची वस्तू स्टिकर बघून घेतो.

आता लोकांना नेमकं काय हवं असतं? आमच्या मजल्यावर मी सहज विचारत फिरलो. यादी साधारण अशी झाली: आरटीएक्स कार्ड पाहिजे, १४४ हर्ट्झचा स्क्रीन पाहिजे, कीबोर्डखाली रंगीत लाईट पाहिजेत, वजन कमी पाहिजे, बॅटरी दिवसभर टिकली पाहिजे, गरम व्हायला नको, पंख्याचा आवाज नको... आणि बजेट ६० हजार! वाचून मला वधू-वर सूचक मंडळाची आठवण आली. पुण्यात स्वतःचा फ्लॅट पाहिजे, गावाकडे वीस एकर बागायत पाहिजे, पण शेतात पाऊल टाकायला लागू नये!

मी मेकॅनिकलचा. त्यामुळे या यादीकडे बघितलं की मला आधी हीट ट्रान्सफरचा पेपर दिसतो. ग्राफिक्स चिप ११५ वॅट आणि प्रोसेसर ४५ वॅट खात असेल, तर झाले १६० वॅट. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमधली २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न डोळ्यांसमोर आणा. तशा सहा आयर्न इंचभर जाडीच्या डब्यात बंद करून तासन् तास चालू ठेवायच्या आहेत. ती उष्णता बाहेर काढायला तांब्याचे पाईप लागतात, फिन्स लागतात, जोरात फिरणारे पंखे लागतात. म्हणजे जाडी आली, वजन आलं, आवाज आला. पातळ, हलका, शांत आणि दणकट गेम चालवणारा लॅपटॉप मागणं म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम रद्द करा म्हणून प्राचार्यांना अर्ज देण्यासारखं आहे.

बॅटरीचंही तेच. विमानात नेहमीच्या परवानगीने नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे. म्हणून लॅपटॉप कंपन्या ९९ च्या आसपास थांबतात. आता ९० वॅट-तासांना १६० वॅटने भागा. तेहेतीस-चौतीस मिनिटं! प्रत्यक्षात चार्जर काढला की लॅपटॉप स्वतःच वेग कमी करतो, म्हणून तासभर निघतो. तेव्हा "बॅटरी बॅकअप किती?" हा प्रश्न गेमिंगसाठी विचारूच नका. नोट्स वाचताना किती टिकतो, हे विचारा.

आता मुख्य मुद्दा. "आरटीएक्स ४०६० आहे का?" एवढंच विचारून लोक समाधानी होतात. पण २०२३ मध्ये लॅपटॉपसाठी आलेलं हे ४०६०, लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही चालवू शकते. स्टिकर तोच, नाव तेच, आणि आतली ताकद वेगळी! एकाच इंजिनाचे दोन ट्रॅक्टर शेजारी उभे आहेत, पण एकाला निम्मंच डिझेल मिळतंय, असं समजा. पूर्ण वॅटचं ४०६० हे अर्ध्या वॅटच्या ४०७० च्या पुढे जाऊ शकतं, आणि तरी ४०७० साठी तुम्ही जास्त पैसे मोजलेले असतात. २०१७ पासून कमी वॅटच्या मॉडेलना 'मॅक्स-क्यू' असं वेगळं नाव असायचं, त्यावरून निदान शंका तरी यायची. २०२१ च्या ३० मालिकेपासून ते चिपच्या नावातून गेलं.

डेस्कटॉप आणि लॅपटॉपमध्ये तर याहून मोठी गंमत आहे. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कुडा कोर आणि २४ जीबी मेमरी. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोर आणि १६ जीबी. नाव मात्र दोघांचंही ४०९०! बोर्डात नव्वद टक्के आणि सेमिस्टरला नव्वद टक्के यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही समजा. म्हणून दुकानात ठणकावून विचारा, "याचं ग्राफिक्स किती वॅटला चालतं?" सेल्समन गोंधळला तर कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'टीजीपी' हा शब्द शोधा. तिथेही लिहिलेलं नसेल, तर का लिहिलं नाही याचा विचार करा.

दुसरी गोष्ट कूलिंग. रिव्ह्यूवाले एसी खोलीत बसून लॅपटॉप तपासतात. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि होस्टेलच्या खोलीत एकच पंखा, तोही हवेपेक्षा आवाज जास्त देणारा. खोलीचं तापमान २० अंशांनी वाढलं, तर तेवढ्याच वॅटला चिपचं तापमानही साधारण तेवढंच वाढतं. मग ९५-१०० अंशांना पोचलं की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. त्यात आपले लोक लॅपटॉप गादीवर ठेवतात! खालच्या जाळीतून हवा आत जाते, तीच गादीने बंद. टेबलावर ठेवा आणि मागच्या बाजूला लोकल ऑथरची दोन जाडजूड पुस्तकं लावून उंच करा. निदान त्या पुस्तकांचा उपयोग तरी होईल!

स्क्रीनचं बोलू. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद दिसते, १४४ ला ६.९. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये हा फरक खरंच जाणवतो. पण त्यासाठी कार्डाने सेकंदाला तेवढ्या फ्रेम तयार करायला हव्यात. मोठमोठ्या शहरांचे, पावसाचे, चकचकीत रस्त्यांचे गेम मध्यम कार्डावर त्याच्या निम्म्यानेही चालतात, मग १४४ असून उपयोग काय? त्यापेक्षा रंग बघा. '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलं असेल तर उत्तम. '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तर मेसच्या वरणासारखे फिके रंग दिसतील. शेवटी चार वर्षांत या स्क्रीनवर गेमपेक्षा पीडीएफच जास्त बघायच्या आहेत.

मग निवड कशी करायची? माझा एकच नियम आहे. जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घाला. ग्राफिक्स चिप, तिची मेमरी, तिचे वॅट, कूलिंग आणि स्क्रीन हे घेतलं तसंच राहणार. एसएसडी बहुतेक ठिकाणी नंतर वाढवता येते. रॅमचं मात्र नीट विचारून घ्या: स्लॉट आहे की बोर्डावर सोल्डर केलेली आहे? एकच स्टिक असेल तर दोन चॅनेलचा फायदा मिळत नाही आणि गेमचा वेग पडतो. आणि "रॅम काय, नंतर स्वस्तात टाकू" असं आता म्हणून चालणार नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून नेल्यामुळे २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती चांगल्याच चढल्या. रंगीत लाईटवर मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका. पाच मिनिटं भारी वाटतं, मग रात्री रूम पार्टनर पांघरूण डोक्यावर घेऊन शिव्या देतो.

सर्व्हिस सेंटर हा विषय यादीत कुणाच्याच नसतो. आपला कोर्स आठ सेमिस्टरचा, आणि वॉरंटी बहुतेक वेळा एका वर्षाची. आमच्या मजल्यावरच्या एकाचं बिजागर तुटलं, वॉरंटी होती, पण लॅपटॉप दुसऱ्या जिल्ह्यात गेला तो तीन आठवडे आलाच नाही. नेमकं सबमिशन चालू होतं. बिचारा रात्री दोनला दुसऱ्यांचे लॅपटॉप मागत फिरायचा. म्हणून कार्ड एक पायरी खालचं घ्या, पण वॉरंटी वाढवून घ्या, आणि घरी येऊन दुरुस्त करतात का तेही विचारा.

आता थोडं सर-मॅडमसाठी. "गेमिंग लॅपटॉप घेतला म्हणजे पोरगं वाया गेलं" हे मत मला पटत नाही. २०१२ मध्ये अ‍ॅलेक्सनेट नावाच्या ज्या न्यूरल नेटवर्कने चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं, ते जीटीएक्स ५८० या दोन साध्या गेमिंग कार्डांवर पाच-सहा दिवसांत शिकवलं गेलं होतं. प्रत्येकी ३ जीबीची कार्डं! आज जिथेतिथे ज्या एआयची चर्चा चालते, त्याचा एक मोठा टप्पा गेम खेळायच्या कार्डांवरच गाठला गेला. आमच्याकडेही त्याच लॅपटॉपवर सॉलिडवर्क्स चालतं, अ‍ॅन्सिस चालतं, ब्लेंडर चालतं. आणि दिवसभराची प्रॅक्टिकल झाल्यावर पोरगं तासभर गेम खेळलं तर आभाळ कोसळत नाही.

पण याचा अर्थ प्रत्येकाने गेमिंग लॅपटॉप घ्यावा असाही नाही. फर्स्ट इयरला एम-वन, फिजिक्स, मेकॅनिक्स... यातलं कशालाही ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कोडिंगसाठी १६ जीबी रॅमचा साधा, हलका लॅपटॉप पुरतो. शिवाय कार्डांची नवी मालिका साधारण दोन वर्षांनी येते: लॅपटॉपमध्ये ३० मालिका २०२१ ला, ४० मालिका २०२३ ला, ५० मालिका २०२५ ला आली. तेव्हा ज्याला पैशाची ओढाताण आहे त्याने पहिलं वर्ष थांबावं. ब्रँचमध्ये नेमकं काय करायचंय ते कळल्यावर घ्यावा. तोपर्यंत कुणी "तुझ्याकडे अजून लॅपटॉप नाही?" म्हणालं तर म्हणू द्या.

आणि इथेच मला आपल्या कॉलेजबद्दल बोलायचं आहे. आपली कॉम्प्युटर लॅब संध्याकाळी पाचला बंद होते. लेक्चर आणि प्रॅक्टिकल संपतात तेही पाचलाच! म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, त्याने डिझाईन करायचं कधी? मग तो घरी फोन करतो, आणि घरचे कुठून तरी पैसे उभे करतात. लॅब रात्री दहापर्यंत उघडी ठेवली आणि तिथे चांगल्या ग्राफिक्सची दहा मशिन बसवली, तर कितीतरी घरांचं एक कर्ज वाचेल. पाळीपाळीने बसायला आम्ही फायनल इयरवाले तयार आहोत. गेम टाकू देणार नाही, हा शब्द!

रेक्टर सरांनाही एक विनंती. खोलीत सहा अँपियरचा एकच सॉकेट आहे. २३० व्होल्टने गुणलं तर १,३८० वॅट झाले. २३० वॅटचे तीन चार्जर लागले तरी चालतं, पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर कुणी १,५०० वॅटची किटली लावली की संपलं. बंदीच्या नोटिसा लागतात, आणि किटल्या कपाटात जातात. त्यापेक्षा वायरिंग एकदा तपासून अभ्यासिकेत वेगळी लाईन आणि टेबलाजवळ चांगले सॉकेट द्या. आणि मित्रांनो, आपणही हेडफोन लावा, रात्री अकरानंतर पंखे गर्जत असतील तर फ्रेम ६० वर बांधून ठेवा. बाजूच्या पलंगावर झोपलेल्याला सकाळी आठचं लेक्चर असतं.

फर्स्ट इयरवाल्यांनो, दुकानात जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या: किती वॅट? ग्राफिक्सची मेमरी किती? स्क्रीनचे रंग किती टक्के? रॅमचा स्लॉट रिकामा आहे का? सर्व्हिस सेंटर कुठे? वॉरंटी किती वर्षं? आणि बाबा सोबत असतील तर उत्तरं त्यांनाही समजावून सांगा. पैसे त्यांचे आहेत, त्यांना कळायलाच हवं की ते कशासाठी चाललेत.

एवढं करूनही काही अडलं, तर आमच्या मजल्यावर या. रात्री नऊनंतर दार उघडंच असतं. येताना घरचा चिवडा आणलात तर उत्तर अजून सविस्तर मिळेल!

– एक होस्टेलाइट, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी