काळ्या रेषेला रंग चढतो तेव्हा

दहावी-बारावीचा निकाल लागला की अनेक घरांत एक संवाद ठरलेला असतो. मुलगी म्हणते, ‘मला चित्रकलेला जायचंय.’ वडील वर्तमानपत्र खाली न ठेवताच विचारतात, ‘आणि मग पोट कसं भरणार?’ हल्ली चित्रकलेऐवजी ‘ग्राफिक डिझाईन’ म्हटलं की वडिलांचा आवाज थोडा मऊ होतो, एवढाच काय तो फरक. प्रश्न तोच.

हाच प्रश्न तमिळनाडूतल्या कावेरीकाठच्या कुंभकोणम गावातही पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला असणार. कारण गणिती रामानुजन जिथे वाढले आणि दर बारा वर्षांनी महामहमच्या तळ्यावर जिथे लाखोंची गर्दी लोटते, त्या या देवळांच्या गावात सरकारी चित्रशाळा फार जुनी आहे. आज ती ललित कला महाविद्यालय म्हणून ओळखली जाते. चित्र आणि शिल्प यांच्या जोडीला तिथे व्हिज्युअल कम्युनिकेशन डिझाईन, म्हणजे आपण ज्याला ग्राफिक डिझाईन म्हणतो तो विषयही शिकवतात. या शाळेतून तंजावरचा एक मुलगा शिकून बाहेर पडला, तेव्हा ‘डिझाईन’ हा शब्द आपल्याकडे फारसा कुणाच्या तोंडी नव्हता. त्याचं नाव एस. गोपालन. तमिळ वाचकांना तो ‘गोपुलू’ या नावाने माहीत आहे.

गोपालनचा जन्म 1924चा. तंजावरचा म्हटल्यावर मराठी माणसाचे कान टवकारतात, आणि ते साहजिकच आहे. व्यंकोजीराजांनी 1676च्या सुमारास तिथे भोसल्यांची गादी स्थापन केली. पुढे सरफोजीराजांच्या काळात तिथली चित्रकला भरभराटीला आली. फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिकटवलेलं कापड, त्यावर खडूच्या भुकटीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा उठाव, वर सोन्याचा वर्ख आणि खडे. मधल्या मोकळ्या जागी गर्द लाल, गर्द हिरवा, गर्द निळा. तंजावरच्या चित्रात रंग कुजबुजत नाही, खणखणीत बोलतो. अशा मुलखातल्या मुलाने पुढे नाव काढलं ते मात्र काळ्या शाईच्या बारीक रेषेने!

1941 साली हा मुलगा मद्रासला ‘आनंद विकटन’ या साप्ताहिकाचे नामवंत व्यंगचित्रकार माली यांना भेटला. मालींनी त्याला कोरडी शाबासकी दिली नाही, काम दिलं. तिरुवैयारूला संत त्यागराजांचं घर आहे. तिथे त्यागराज ज्या राम-पट्टाभिषेकाच्या चित्राची पूजा करत, ते चित्र काढून आण, असं त्यांनी सांगितलं. सतरा वर्षांच्या पोरासाठी ही परीक्षाच होती. दुसऱ्याने काढलेलं, लोकांच्या भक्तीने जपलेलं चित्र आपल्या हाताने पुन्हा काढायचं! गोपालन ते काढून आला. ‘गोपुलू’ हे नाव मालींनीच दिलं, आणि 1945 साली तो ‘विकटन’मध्ये नोकरीलाही लागला.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळी नियतकालिकाच्या चित्रकाराला रंग सहजासहजी मिळत नसे. आतल्या पानावर चित्र छापायचं म्हणजे जस्ताचा ठसा करावा लागे. ठसा काय जाणतो? शाई आहे किंवा नाही. मधली करडी छटा हवी तर जाळीदार ठसा करायचा, आणि रंगीत चित्र हवं तर एकाच चित्राचे वेगवेगळ्या रंगांचे ठसे करून कागद यंत्राखालून पुन्हापुन्हा काढायचा. एक ठसा केसभर सरकला की नायिकेचे ओठ गालावर! खर्च तर विचारूच नका. म्हणून वर्षभर काळं-पांढरं, आणि रंग मुखपृष्ठावर नाहीतर दिवाळीला. चित्रकाराचा रंगही घरातल्या पक्वान्नांसारखा सणावारी निघायचा.

मराठी वाचकाला हे काही नवं नाही. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली दिवाळी छापील झाली. तमिळनाडूतही ‘दीपावली मलर’ नावाचे जाडजूड विशेषांक निघतात. गोपुलू ‘विकटन’मध्ये लागले त्याच 1945 साली इकडे दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ सुरू केला, आणि मराठी घरांतल्या आयाबहिणींनी त्याची मुखपृष्ठं कापून भिंतीवर लावली. मडगावचे दलाल आणि तंजावरचे गोपुलू, दोघांच्या दिवाळ्यांमध्ये हजारेक किलोमीटरचं अंतर. पण एका सणाने दोघांच्या हाती रंगपेटी दिली.

काळ्या शाईने त्याआधी गोपुलूंना काय शिकवलं? तर थांबायला. त्यांची शब्दांविना विनोदचित्रं तमिळ वाचकांना फार आवडली. खाली एक ओळ नाही, तोंडात फुगा नाही. रंगाचा आधार नाही. माणूस कसा उभा आहे, पंचाचा सोगा कुठे लोंबतोय, भुवई किती वर गेलीय, एवढ्यावर हसू आणायचं. ‘तिल्लाना मोहनांबाळ’ ही सनईसारख्या नादस्वरमच्या वादकाची आणि नर्तकीची कथा ‘विकटन’मधून क्रमशः येत होती, तेव्हा तिची चित्रं गोपुलूंचीच होती. 1968 साली त्यावर शिवाजी गणेशन आणि पद्मिनी यांचा रंगीत चित्रपट आला. पण त्याच्या कितीतरी आधी वाचकांनी षण्मुगसुंदरम आणि मोहना यांना गोपुलूंच्या रेषेत पाहिलेलं होतं.

आता कुंभकोणमकडे परत वळू. या गावात राहून रंगाचं शिक्षण न होणं कठीण. देवळांच्या प्राकारभिंतींवर पांढऱ्या आणि कावेच्या लाल रंगाचे उभे पट्टे. रामस्वामी देवळाच्या ओवरीत अख्खं रामायण भिंतीवर रंगवलेलं. गावाबाहेर पडलं की भाताची हिरवी, पुढे अजून हिरवी आणि त्यापुढे पिवळट हिरवी खाचरं. जवळच्या तिरुभुवनमला रेशमी साड्यांचे माग आहेत. तिथल्या साडीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. दक्षिणेच्या रेशमात ‘मोरमानी’ म्हणून एक रंग लाडका आहे. तो रंग कुठल्याही पिंपात मिळत नाही. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्याच. पदर हलला की निळ्याचा हिरवा होतो. आपल्या पैठणीत याला धूपछाँव म्हणतात. दोन रंग न मिसळता शेजारी राहिले की तिसरा दिसतो, हा धडा शिकायला चित्रशाळेत नाव घालायची गरज नाही, मामीच्या लग्नातली साडी पुरे.

चित्रशाळेत वेगळं काय होतं, मग? तर मुलाला स्वतःचा रंग कोणता, हे कळायला लागतं. याबद्दल योहानेस इटेन या स्विस शिक्षकाची एक हकीकत आहे. जर्मनीतल्या बाउहाउस या गाजलेल्या कलाशाळेत 1919 ते 1923 ते शिकवत होते. (1922 साली कलकत्त्यात बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन झालं, त्यात इटेन यांचंही काम होतं, म्हणजे आपल्याला ते अगदीच परके नाहीत.) पुढे 1928 साली स्वतःच्या वर्गात ते नियमाप्रमाणे जुळणाऱ्या रंगांच्या जोड्या काढून घेत होते. थोड्या वेळाने मुलं चुळबुळ करू लागली. ‘काय झालं?’ तर म्हणे, या जोड्या जुळत नाहीत, डोळ्यांना बऱ्या वाटत नाहीत. मास्तर चिडले नाहीत. प्रत्येकाने आपल्याला सुसंगत वाटतील ते रंग काढा, असं त्यांनी सांगितलं. तासाभराने सगळे कागद जमिनीवर मांडले, तर एकासारखा एक नाही! प्रत्येक कागद ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा. इटेन यांनी 1961 साली रंगांवर मोठं पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. पण नियम मोडीत काढा, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. स्वतःच्या आवडीच्या चार रंगांतच जो अडकला तो दुसऱ्यासाठी काम कसं करणार, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता.

डिझाईनच्या विद्यार्थ्याचं मोठं होणं या दोन टोकांमध्येच घडतं. पहिल्या वर्षी पोस्टर कलरची बाटली उघडली की सगळंच भडक. लाल म्हणजे बाटलीतला लाल. रंगचक्र काढताना लालात थेंबभर हिरवा पडतो आणि तो एकदम शांत होतो. मग त्याला विटेचा म्हणायचं की आमसुली, असा वाद वर्गात घालता येतो. आपल्या आज्यांकडे रंगांचे किती शब्द होते! अंजिरी, डाळिंबी, मोतिया, कुसुंबी, शेवाळी, गुलबक्षी. शब्द असला की डोळा तो रंग शोधतो. आता हे सगळं संगणकावर एका टिचकीसरशी मिळतं, आणि तिथेच नवा विद्यार्थी फसतो. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचा असतो. छापखान्यातला निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईचा. पडद्यावर झळाळणारा पोपटी कागदावर उतरला की सुकलेल्या पानासारखा दिसतो. पहिलं छापून आलेलं काम हातात घेऊन हिरमुसला नाही, असा डिझाईनचा विद्यार्थी विरळाच. तेव्हापासून तो पडद्यावर कमी आणि कागदावर जास्त विश्वास ठेवायला लागतो.

गोपुलूंनी हे टोकही गाठलं. 1960च्या दशकात भरभराटीची साप्ताहिकातली जागा सोडून ते जाहिरातीत गेले. हे धाडसच होतं, कारण मासिकात वाचक चित्रकाराचं नाव शोधतो. जाहिरातीत चित्र साबणाचं असतं, चित्रकाराचं नसतं. पुढे त्यांनी ‘अ‍ॅडवेव्ह’ ही स्वतःची संस्था काढली. ‘कुंगुमम’ साप्ताहिक आणि सन टीव्ही यांची बोधचिन्हं त्यांच्या हातची. तमिळ घरांतल्या ज्या पोरांनी गोपुलू हे नाव कधी ऐकलं नाही, त्यांनीही त्यांचं काम रोज संध्याकाळी पाहिलं.

आणि मग म्हातारपणी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. साठ वर्षं ज्या हाताने पोट भरलं, नाव मिळवलं, तो पेन्सिल धरीना. वडिलांचा तो जुना प्रश्न इथे फार निराळ्या रूपात समोर येतो. पोटाचा प्रश्न आता उरला नव्हता. कुणी काही मागत नव्हतं. गप्प बसून सत्कार घेतले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. गोपुलूंनी पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि त्या हाताला चित्रं काढायला शिकवलं. म्हणजे चित्रशाळेतला पहिलीचा वर्ग पुन्हा. आधी सरळ रेघ, मग गोल, मग माणूस. डोळा मात्र तयार होता. कोणता रंग कशाशेजारी बसवायचा, हे डाव्या हाताला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

एप्रिल 2015मध्ये नव्वदीत ते गेले. डावा हात शेवटपर्यंत विद्यार्थीच राहिला.