फ्लॅटचा भाव जिन्यात ठरत नसतो

आमच्या सोसायटीत एखादा फ्लॅट विकला गेला की पुढच्या आठवड्याभरात त्याची किंमत दहा लाखांनी वाढते. विकल्यानंतर! करार होतो पंच्याऐंशी लाखांना, पहिल्या मजल्यावर त्याचे नव्वद होतात आणि गच्चीत वाळवण घालणाऱ्यांपर्यंत बातमी जाते ती ‘पंचाण्णवच्या वर गेला म्हणे’ अशी. पुढचा विकणारा हाच आकडा धरून बसतो आणि त्यावर आपले पाच चढवतो, कारण त्याचा फ्लॅट पूर्वेला तोंड करून असतो.

कोथरूडमधल्या सोळा बिऱ्हाडांच्या, लिफ्ट नसलेल्या, १९८६ सालच्या इमारतीची मी सचिव आहे. त्याआधी बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरी केली. त्यामुळे फ्लॅट विकायचा झाला की लोक ‘ना हरकत’ मागायला येतात आणि बोलता बोलता भावही विचारतात. विचारतात म्हणजे, मनात आधीच ठरवलेल्या आकड्याला माझा होकार मागतात.

तो आकडा निघतो कसा, ते ऐकण्यासारखं असतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना बंगळुरूला मुलाजवळ राहायला जायचंय. मुलाच्याच संकुलात छोटा फ्लॅट घ्यायला एक कोटी दहा लाख लागतात, म्हणून इथला फ्लॅट एक कोटी दहाचा. शिवाय ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि हॉलचं पीओपी, त्याचे पाच वेगळे. ‘आणि ताई, आता मेट्रो आलीये!’ अहो काका, वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्येच धावायला लागली. तिच्यामुळे जे काय वाढायचं ते आजूबाजूच्या व्यवहारांत केव्हाच धरलं गेलंय. ते पुन्हा निराळं कोण देणार? नवा मालक पहिल्याच महिन्यात त्या पीओपीवर हातोडा घालणार आहे, हे मात्र मी काकांना सांगितलं नाही. काकूंनी रंग निवडला होता तो.

जरा घेणाऱ्याच्या बाजूनं हिशेब मांडू. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एक कोटीच्या घराला बँक जास्तीत जास्त ७५ लाख देते. राहिलेले २५ लाख, पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्काचे सात लाख (बाईच्या नावावर घेतलं तर टक्का कमी) आणि नोंदणीचे ३० हजार घेणाऱ्यानं स्वतःचे घालायचे. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण बँक करारातला आकडा मुकाट्यानं मान्य करत नाही. तिचा व्हॅल्युअर येतो, जिना चढतो, बाथरूमच्या भिंतीवरची ओल बघतो आणि ८८ लाख लिहून जातो. आता कर्ज ८८ लाखांवर, म्हणजे फार तर सत्तरच्या आसपास. वरच्या बारा लाखांवर एक पैसा कर्ज नाही. घेणाऱ्याला स्वतःचे जवळजवळ ३७ लाख उभे करायचे होतात. तिशीतल्या जोडप्यांचे ठरत आलेले सौदे इथं मोडताना मी बँकेत कितीदा पाहिलेत. विकणाऱ्याला वाटतं, गिऱ्हाईक चिकट होतं.

फ्लॅट चढ्या भावात अडवून ठेवला की नुकसान नुसतं मेंटेनन्सचं आणि मिळकतकराचं होत नाही. वर्षभर जाहिरातीत दिसणाऱ्या घराबद्दल लोक विचारू लागतात, गळतं का, वारसांचं काही भांडण आहे का. एजंटलाही अशा घराचा वेगळा उपयोग असतो. तो गिऱ्हाईकाला आधी काकांच्या फ्लॅटवर नेतो, एक कोटी पंधरा सांगतो आणि मग मागच्या गल्लीतला ८४ लाखांचा दाखवतो. काकांच्या किमतीवर मागच्या गल्लीतला विकला जातो. काकूंचा चहा मात्र सगळ्यांना मिळतो.

खरा भाव कळायला आता कुणाच्या पाया पडावं लागत नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, गाव आणि सर्व्हे किंवा सिटीएस नंबर टाकला की झालेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन उघडते. त्यात क्षेत्रफळ असतं, मजला असतो, मोबदला असतो. आपल्यासारख्याच, आपल्याच वयाच्या इमारतींतले चार-पाच व्यवहार काढावेत आणि कार्पेटच्या चौरस फुटानं भागावं. सेलेबलच्या नव्हे, त्या आकड्यात जिनाही मोजलेला असतो. रेडी रेकनरवर मात्र विसंबू नये. तो सरकारनं शुल्कासाठी ठरवलेला दर आहे, त्याला तुमची बाल्कनीही दिसत नाही आणि ओलही दिसत नाही. व्यवहार त्याच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली गेला तर आयकराचं लचांड मागे लागतं, एवढ्यापुरता तो लक्षात ठेवावा.

यावर हमखास उत्तर येतं, ‘ताई, कागदावरचं खरं नसतं. वरचे किती, ते कुठं लिहितात?’ इथं मला राग येतो. मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. काल शेजाऱ्यानं दहा लाख पिशवीतून घेतले म्हणून आज तुम्हाला तुमच्या घराचा भाव कळत नाही. तुम्हीही तेच करणार, मग उद्या तुमच्या खालच्याला कळणार नाही. सगळ्यांनी मिळून फूटपट्टी मोडायची आणि माप चुकतं म्हणून एजंटला शिव्या द्यायच्या! एजंटचं काय जातंय? त्याला दोन्हीकडून दलाली मिळतेच.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेसाठी मी एक ठराव दिलाय. इमारतीत विक्री झाली की त्या व्यवहाराची सूची क्रमांक दोन सोसायटीच्या दप्तरात लावायची, आणि कुणाही सभासदाला विकण्याआधी ती फाइल बघू द्यायची. विषयपत्रिका लागल्या दिवशीच दोघांनी लेखी हरकत घेतली. म्हणे, ही सभासदांची खासगी बाब आहे. सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट दिसणारा कागद खासगी कसा, ते सभेत विचारणार आहे. हरकत घेणाऱ्यांतल्या एकाचा फ्लॅट गेल्याच वर्षी विकत घेतलेला आहे.