गेमिंग कॉम्प्युटरच्या यादीत खुर्ची कुठे आहे?

मुलाने गेमिंग कॉम्प्युटर मागितला की घरात बहुतेक वेळा दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे, ‘डोळे जातील, अभ्यास बुडेल, अजिबात नको.’ दुसरी, हट्टाला कंटाळून दिलेली, ‘घे बाबा एकदाचा.’ पहिल्या प्रतिक्रियेला आधार म्हणून अनेकदा डॉक्टरचे नाव पुढे केले जाते. शासकीय रुग्णालयात काम करणारा डॉक्टर म्हणून माझे मत थोडे वेगळे आहे. घरात मोबाइलवर खेळ चाललेलेच असतील आणि कर्ज किंवा हप्ते न करता पैसे उभे राहत असतील, तर नीट जमवलेला स्वस्तातला डेस्कटॉप कॉम्प्युटर आरोग्याच्या दृष्टीने मोबाइलपेक्षा बरा. अट एकच. बजेट आखताना त्या कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्याचे शरीरही हिशेबात धरले पाहिजे.

हे लिहिण्याचे निमित्त श्रीगोंद्यातला माझा एक शाळासोबती. त्याचा थोडा ऊस आहे, लिंबाची बाग आहे. मुलगा नुकताच बारावी झाला. कॉम्प्युटरचे सुटे भाग आणून जुळवण्याची मला जुनी आवड आहे, हे त्याला ठाऊक. ‘डॉक्टर, पोराला गेमिंगचा कॉम्प्युटर पाहिजे. पन्नास हजारांच्या वर जायचं नाही, बाकी तू बघ,’ एवढेच तो म्हणाला. मुलाने यादी आधीच करून ठेवली होती. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, रॅम, काचेचे कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे. मॉनिटरच्या जागी ‘घरातला जुना टीव्ही’. खुर्ची, टेबल, अर्थिंग यांचा पत्ताच नव्हता. पन्नासच्या पन्नास हजार यंत्राच्या पोटात गेले होते.

आधी मोबाइलपेक्षा डेस्कटॉप का बरा, ते सांगतो. मोबाइलवर खेळणारा मुलगा बहुधा आडवा पडलेला असतो आणि पडदा डोळ्यांपासून जेमतेम २५ सेंटिमीटरवर. या अंतरावर स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला सुमारे ४ डायॉप्टर इतका जोर लावावा लागतो. मॉनिटर ६० सेंटिमीटरवर असेल तर हाच जोर पावणेदोनच्या आसपास येतो. मान खाली वाकत नाही, सगळा भार दोन अंगठ्यांवर येत नाही. अंगठ्यांचे दुखणे तर इतके जुने, की व्हिडिओ गेमच्या बटणांमुळे जडलेल्या दुखण्याला १९९० मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात ‘निन्टेंडिनायटिस’ असे नाव मिळाले होते. यापेक्षाही मोठा फरक जागेचा आहे. मोबाइल पांघरुणात शिरतो, डेस्कटॉप शिरत नाही. तो बाहेरच्या खोलीत एका जागी राहतो, येता-जाता घरच्यांना दिसतो आणि त्याच्यावरून उठून झोपायला जावे लागते.

आता बजेट. माझा सरळ हिशेब असा की, एकूण रकमेचा तिसरा हिस्सा शरीराच्या वाट्याचा. त्यात मॉनिटर, खुर्ची-टेबल, हेडफोन आणि विजेची सुरक्षा हे सगळे आले. उरलेल्या दोन हिश्शांत यंत्र. यावर मित्राच्या मुलाचा आक्षेप रास्त होता : ‘काका, मग ग्राफिक्स कार्ड बसणारच नाही.’ नाही बसणार, आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. काही प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय आतच असते. रायझन ५ ५६००जी हा त्यातला एक, सहा कोरचा. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट यांसारखे खेळ सेटिंग मध्यम ठेवून त्यावर व्यवस्थित चालतात. नवे, अवजड खेळ चालणार नाहीत, हेही आधीच सांगितलेले बरे. असा प्रोसेसर घेताना १६ जीबीची एकच रॅम न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. आतले ग्राफिक्स ही रॅमच वापरते आणि दोन पट्ट्यांमुळे माहितीची ये-जा दोन वाटांनी होते. साठवणीसाठी जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्यावी. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी, पैसे साठल्यावर. त्यासाठी कॅबिनेटमध्ये जागा आणि एसएमपीएसमध्ये ताकद मात्र आजच ठेवायची.

एसएमपीएस म्हणजे घरातली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा. पैसे वाचवायचे म्हटले की लोक सर्वात आधी यावरच कात्री चालवतात. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेला, नाव-गाव नसलेला एसएमपीएस बसवतात. आपल्याकडे शेतीच्या मोटारी सुरू-बंद होतात तसा विजेचा दाब वर-खाली होतो. अशा ठिकाणी चांगल्या कंपनीचा, वॉरंटी असलेला एसएमपीएसच घ्यावा. प्रोसेसर किंवा कार्ड जुने घ्यायला माझी हरकत नाही. जुना एसएमपीएस घेऊ नये.

हे सगळे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात किंवा घरबसल्या ऑनलाइन मिळतात. पण एक गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. ती म्हणजे तुमच्या घरातले अर्थिंग. मित्राकडे जुळणी झाल्यावर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर बोटांना मुंग्या आल्या. मुलगा म्हणाला, ‘थोडा करंट मारतो, पण चालतं.’ हे चालत नाही. त्या मुंग्यांचा विद्युतप्रवाह फार छोटा असतो, त्याने माणूस दगावत नाही. पण धोक्याच्या वेळी वीज जमिनीत नेणारी वाट या घरात नाही, हे त्या मुंग्या सांगत असतात. उद्या आतली एखादी तार पत्र्याला टेकली, तर तीच वाट शरीरातून जाईल. साधारण १० मिलिअँपिअर प्रवाहाला स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. साधा शून्य वॅटचा दिवादेखील याहून फार कमी वीज घेत नाही. मित्राच्या घरातले सॉकेट तीन पिनचे होते, पण तिसऱ्या भोकामागे तारच जोडलेली नव्हती. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतले, ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा आरसीसीबी बसवला आणि मगच कॉम्प्युटर सुरू झाला. त्या घरातल्या फ्रिजला आणि वॉशिंग मशीनलाही त्या दिवशी पहिल्यांदा अर्थिंग मिळाले.

दुसरा स्थानिक प्रश्न उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत आणखी वर जातो. माणसाचे शरीर घामाच्या बाष्पीभवनाने आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड राहू शकते. कॉम्प्युटरला घाम येत नाही. पंख्याने तो फार तर खोलीच्या तापमानाजवळ येतो, त्याखाली नाही. म्हणून समोरून काच असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे साधे कॅबिनेट बरे. महिन्या-दोन महिन्यांनी त्यातली धूळ काढावी. आणि घाम गाळून थंड राहणाऱ्या खेळाडूजवळ पाण्याची बाटली असावी, कॅफिनचे एनर्जी ड्रिंक नव्हे.

शरीराच्या वाट्याच्या पैशांचे काय करायचे? टीव्हीऐवजी २४ इंची मॉनिटर घ्यायचा. तो हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवायची. उंची कमी पडली तर खाली जुनी पाठ्यपुस्तके चालतात. खुर्चीला कमरेला आधार देणारी पाठ हवी, पाय जमिनीला टेकायला हवेत, कोपर टेबलाच्या उंचीला यायला हवे. मोटारींच्या शर्यतीतल्यासारखी दिसणारी महागडी ‘गेमिंग चेअर’ लागत नाही. ऑफिसात वापरतात तशी साधी खुर्ची पुरते. हेडफोनचा आवाज ६० टक्क्यांच्या आत असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. गोळीबाराच्या खेळात ती सहज ओलांडली जाते.

काय घेऊ नये, तेही सांगतो. रंगीत दिवे नकोत. निळा प्रकाश अडवणारे चष्मे नकोत. अशा चष्म्यांवरील प्रयोगांचा कोक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये एकत्रित आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. पडद्याकडे टक लावून पाहताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि चुरचुरतात. त्यावर चष्मा नव्हे, सवय हा उपाय आहे. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट दूर पाहायचे आणि पापण्या मुद्दाम मिटायच्या. मुलांच्या मायनस नंबरचा प्रश्न वेगळा. रोज सुमारे २ तास घराबाहेरच्या उजेडात घालवणाऱ्या मुलांमध्ये हा नंबर लागण्याचे प्रमाण कमी आढळते. शिवारात किंवा मैदानावर घालवलेल्या या दोन तासांना एक रुपयाही लागत नाही.

तासन् तास न उठता बसण्याचा धोका केवळ पाठीला नाही. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी २००३ मध्ये अशा एका तरुणाची नोंद प्रसिद्ध केली, जो दिवसातले अनेक तास कॉम्प्युटरसमोर बसत असे. त्याच्या पायातल्या शिरेत रक्ताची गाठ झाली आणि तिथून फुप्फुसात गेली. असे क्वचित घडते. तरीही तासाला एकदा उठून पाच मिनिटे चालण्याचा नियम घालून द्यायला हे एक उदाहरण पुरेसे आहे.

सगळ्यात मोठे नुकसान झोपेचे होते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. रात्री दोनपर्यंत खेळून सकाळी सातला कॉलेज गाठणाऱ्या मुलाची ती निम्म्यावर येते. चिडचिड, विसरभोळेपणा, दिवसा डुलक्या आणि भूक बिघडणे हे सगळे त्यामागून येते, आणि आई-वडील त्याला ‘खेळाचे व्यसन’ म्हणतात. हा शब्द जपून वापरायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश झाला आहे आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पण केवळ तास मोजून ते निदान होत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टी मागे पडणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे आणि हे साधारण वर्षभर चालणे, असे चित्र असेल तरच तो आजार. तसे दिसत असेल तर मुलाला ओरडण्याआधी ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येते.

आणखी एक गोंधळ दूर व्हायला हवा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि कौशल्याचे खेळ यांना आपण एकाच टोपलीत टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना त्यापासून वेगळे ठेवले. आई-वडिलांनीही हाच फरक करावा. मुलगा मित्रांबरोबर संघ करून खेळतो की कुठल्या अॅपवर पैसे लावतो, हे पाहण्यासाठीही कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत असलेला चांगला.

पन्नास हजार म्हणजे अनेक घरांत लिंबाचा एक अख्खा बहार. तेवढे जमत नसतील तर कॉम्प्युटर नसल्याने कुणाचे आरोग्य बिघडत नाही. उलट मोबाइल रात्री दहाला आई-वडिलांच्या खोलीत चार्जिंगला लावण्याचा नियम फुकट आहे, आणि तो आई-वडिलांच्या मोबाइललाही लागू असावा. ज्यांना घेणे शक्य आहे, त्यांनी दुकानात पैसे मोजण्याआधी मुलाच्या यादीखाली त्याच्याच हाताने चार ओळी लिहून घ्याव्यात : मॉनिटर कुठे आणि किती उंचीवर, खुर्ची कोणती, अर्थिंग तपासले का आणि रात्री बंद करण्याची वेळ कोणती. या चार ओळी भरल्यावर पैसे उरले नाहीत, तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा. तो दोन वर्षांनी बदलता येतो.