जलंबच्या बाकावरची मंडळी

गेली दोन वर्षं आमच्या घरात रविवारचा नाश्ता लवकर उरकावा लागतो. धाकट्याला जलंबला जायचं असतं. नववीतलं पोर रविवारी मैदानावर जातं, फार तर खालाकडे जातं. हा मात्र खामगावहून शटल पकडतो, जलंब जंक्शनला उतरतो, तिथल्या एका बाकावर तीन-चार तास बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघतो आणि परत येतो. कुठे जायचं नसतं, कुणाला आणायचं नसतं. सुरुवातीला मला वाटलं, पोरगं काही तरी लपवतंय. आईने असा संशय घेणं चांगलं नाही, पण येतो खरा. म्हणून एकदा त्याला न सांगता मागच्या डब्यात बसून मीही गेले.

बाकावर चौघे होते. एक सत्तरीकडे झुकलेले निवृत्त गार्ड. हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण यांना सगळे गार्डकाकाच म्हणतात. दुसरा शेगावकडचा फार्मसीचा विद्यार्थी. तिसरे संग्रामपूर तालुक्यातले एक शेतकरी, जे महिन्यातून एखाद्या वेळी मोटारसायकलने येतात. आणि चौथा आमचा. वयाने, धंद्याने, घराने एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. पण लांबून इंजिनाचा भोंगा ऐकू आला की चौघांच्या माना एकदमच वळायच्या. गाडी धडधडत निघून गेली आणि मग त्यांचं जे काही सुरू झालं! कुठलं इंजिन होतं, कुठल्या शेडचं होतं, या गाडीला नेहमी हे लागतं का, आज का लागलं. मी खांबाआड उभी राहून ऐकत होते. एक अक्षर कळलं नाही, पण एवढं कळलं की पोरगं काही लपवत नाहीये. माझ्याशी वर्षभरात जेवढं बोललं नसेल तेवढं ते तिथे अर्ध्या तासात बोललं.

आता मलाही थोडं कळतं. इंजिनाच्या कपाळावरची इंग्रजी अक्षरं उगाच नसतात. पहिलं ‘डब्ल्यू’ म्हणजे रुंद रूळ, आपला नेहमीचा ब्रॉडगेज. ‘वाय’ म्हणजे मीटरगेज, ‘झेड’ म्हणजे त्याहून अरुंद. दुसरं अक्षर ‘ए’ असेल तर विजेवर चालणारं, ‘डी’ असेल तर डिझेलवर. तिसरं ‘पी’ असेल तर प्रवासी गाडीचं, ‘जी’ असेल तर मालगाडीचं. म्हणजे डब्ल्यूएपी-७ हे रुंद रुळावरचं, विजेवर चालणारं, प्रवासी गाडी ओढणारं इंजिन. डब्यावर जो लांब क्रमांक रंगवलेला असतो त्याचे पहिले दोन आकडे म्हणजे डबा कुठल्या साली बनला ते. पुढच्या वेळी प्रवासाला निघालात की मुलांना बघायला सांगा. निदान अर्धा तास मोबाइल मागणार नाहीत.

जलंबला एवढं काय आहे, असं मलकापूर-नांदुऱ्याकडच्या वाचकांना वाटेल. जिल्ह्यातून मुंबई-नागपूर-हावड्याची मोठी लाइन जाते आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही तिची स्टेशनं. शेगावला महाराजांच्या दर्शनाला येणारे आणि सैलानी बाबांच्या यात्रेला मलकापूरला उतरणारे याच लाइनने येतात. खुद्द बुलढाण्याला, जिल्ह्याच्या मुख्य गावाला, आजही रेल्वे नाही. पण आमच्या खामगावला आहे, आणि ती कापसाने आणली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावचा कापूस बाजार मोठा. १८६७ पर्यंत मोठी लाइन नागपूरला पोचली होती. तिला खामगाव जोडायला जलंबपासून आठ मैलांचा फाटा टाकला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला इथे आले. आपली शटल त्याच रुळांवरून धावते. पुढे हीच लाइन जालन्यापर्यंत न्यावी ही मागणी आमच्या आजोबांच्या तोंडीही होती. गार्डकाका म्हणतात, “ताई, ती लाइन होईल तेव्हा मले तिच्यावर एक फेरी मारायची आहे. अल्लामियांजवळ माझ्यासाठी तेवढी सुट्टी मागून ठेवा.”

संग्रामपूरकडचे शेतकरीभाऊ कमी बोलतात, पण मीटरगेजचा विषय निघाला की त्यांना थांबवावं लागतं. अकोल्याहून अकोट, हिवरखेड, वान रोड करत मेळघाटच्या जंगलातून खंडव्याला जाणारी ती छोटी गाडी. एके काळी हैदराबादकडून जयपूरला जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस त्याच रुळांवरून जायची. धुळघाटला चढ इतका की रूळ डोंगराला वेटोळा घालून स्वतःच्याच अंगावरून पलीकडे जायचे. खिडकीतून खाली बघितलं की आपण आत्ताच जिथून आलो ते रूळ दिसायचे. भाऊ लहानपणी वडिलांबरोबर गेले होते. तो वेटोळा ते बोटाने बाकावर काढून दाखवतात, आणि आमचा धाकटा दर वेळी पहिल्यांदाच बघतोय असा बघतो. २०१७ च्या सुरुवातीला ती लाइन रुंद करायची म्हणून बंद झाली. अकोल्यापासून अकोटपर्यंत रुंद रुळावर गाडी २०२२ मध्ये सुरू झाली. पुढचा मार्ग वाघांच्या जंगलातून न नेता सोनाळा, जामोदकडून न्यायचं ठरलं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातून. भाऊंना आनंद आहे. धुळघाटचं दुःखही आहे. दोन्ही एकाच वाक्यात सांगतात.

मूर्तिजापूरच्या शकुंतलेचं तर विचारूच नका. यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी ती अडीच फुटी रुळांची गाडी, किलिक निक्सन या विलायती कंपनीची. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. ती बंद पडून वर्षं झाली, तरी या बाकावर रोज चालते.

तर अशी ही मंडळी. आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. लिहावं की लिहू नये, असं दोन महिने चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात गार्डकाका, फार्मसीचा मुलगा आणि आमचा धाकटा एका मोठ्या स्टेशनवर गेले होते. काका चहा आणायला गेले, दुसरा पाण्याच्या नळाकडे. धाकटा वहीत लिहीत होता. त्या वहीत काय असतं, तर तारीख, वेळ, गाडीचं नाव, इंजिनाचा क्रमांक, किती मिनिटं उशीर. एका माणसाने येऊन विचारलं, काय लिहितोस? याने सांगितलं. मग विचारलं, नाव काय? यानं नाव सांगितलं. त्यानंतर त्या माणसाचा आवाज बदलला. वही हातातून घेतली, मोबाइल दाखव म्हणाला, हे कुणाला पाठवतोस असं विचारू लागला. चार माणसं जमली. पंधरा वर्षांचं पोर. त्याला एवढंच सुचलं की तो त्या माणसाला डब्ल्यूएपी-४ आणि डब्ल्यूएपी-७ मधला फरक समजावून सांगू लागला.

काका आले. हातात चहाचे तीन कप. कप खाली ठेवले, माणसाच्या हातातून वही घेतली आणि म्हणाले, “वही माझी आहे. आकडे मी सांगतो, तो लिहितो. माझं अक्षर खराब आहे.” मग रेल्वेचं निवृत्तीचं कार्ड काढून दाखवलं. गर्दी पांगली. तो माणूस माफी मागून गेला नाही, पण गेला.

धाकट्याने चार दिवस घरी सांगितलं नाही. काकांनीच फोन करून सांगितलं. याचे अब्बा ऐकून घेत होते, मध्ये एक शब्द बोलले नाहीत. फोन ठेवला आणि म्हणाले, “बस. संपलं.” वही कपाटावर गेली.

मी त्यांना दोष देत नाही. वर्तमानपत्र आम्हीही वाचतो. ते म्हणाले, छंदच हवा तर कॅरम आहे, क्रिकेट आहे, हाफिजींकडे किराअत शिकू दे. स्टेशनवर, कॅमेरा, वही, गाड्यांच्या वेळा, आणि आपल्या पोराने? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच रविवार तो घरी बसला. चिडला नाही, रडला नाही. दुपारी शटल गेल्याचा भोंगा आला की घड्याळाकडे बघायचा आणि मग आमच्याकडे बघायचं टाळायचा. मला तेच सहन होईना.

सहाव्या रविवारी दार वाजलं. तिघेही दारात. शेगावच्या कचोऱ्यांचा पुडा, आणि शेतकरीभाऊंनी शेतातल्या तुरीच्या शेंगा आणलेल्या. मी चहा ठेवला. मला वाटलं आता वाद होणार. कुणी विषयच काढला नाही. पावसावर बोलले, तुरीच्या भावावर बोलले. निघताना गार्डकाका उभं राहून यांना म्हणाले, “शेठ, मी सगळी नोकरी गाडीच्या शेवटच्या डब्यात केली. शेवटच्या डब्यामागे एक पाटी असते, ‘एलव्ही’ लिहिलेली. गाडी स्टेशनातून गेली की स्टेशनवरचा माणूस ती पाटी बघतो. पाटी दिसली तर गाडी पूर्ण आली. नाही दिसली तर एखादा डबा मागं तुटून राहिला असंल, म्हणून मागून दुसरी गाडी सोडत नाहीत. आमचा एक डबा पाच आठवडे मागं राहिला आहे. आमची लाइन बंद आहे.”

हे हसले नाहीत. पण कचोरी घेतली.

रात्री अटी ठरल्या. एकट्याने जायचं नाही. शाळेचं ओळखपत्र खिशात. मोठ्या स्टेशनवर फोटो काढायचे नाहीत, फक्त वही. असरपर्यंत घरी. काकांना फोनवर कळवल्या तेव्हा त्यांनी आपली एक घातली: पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभं राहायचं आणि रुळांवर पाय टाकायचा नाही, सेल्फीसाठी तर मुळीच नाही. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि जीव जातो तो वेगळा. इंग्लंडात हे वेड आपल्याकडच्यापेक्षा जुनं आहे. तिथे इयन ॲलन नावाच्या रेल्वेतल्याच एका तरुण कारकुनाने, इंजिनांबद्दल विचारणाऱ्यांच्या चौकशांना कंटाळून, १९४२ मध्ये सगळ्या क्रमांकांचं छोटं पुस्तकच छापलं आणि ते धडाधड खपलं. मग पोरांचा क्लब निघाला, त्यात येणाऱ्याला रेल्वेच्या हद्दीत घुसणार नाही असा शब्द द्यावा लागे. म्हणजे तिथल्या आयाही आमच्यासारख्याच काळजीत असणार.

ओळखपत्राची अट मला खुपते. फार्मसीच्या मुलाला त्याच्या घरून कुणी ती घातलेली नाही, घालायची वेळच येत नाही. हे मी त्याला बोलले नव्हते, धाकट्यानेच कधी तरी सांगितलं असेल. पुढच्या रविवारी जलंबच्या बाकावर चौघांच्याही गळ्यात ओळखपत्रं लटकत होती. काकांचं निवृत्तीचं, मुलाचं कॉलेजचं. शेतकरीभाऊंनी मतदार कार्ड दोऱ्याने बांधलं होतं आणि विचारत होते, पुरत नसेल तर सात-बारा आणू का? धाकटा घरी येऊन हे सांगताना इतका हसला की याच्या अब्बांना वर्तमानपत्र तोंडापुढे धरावं लागलं.

पुण्याला दर वर्षी १ जूनला डेक्कन क्वीनचा वाढदिवस प्लॅटफॉर्मवर केक कापून साजरा होतो, रोजचे प्रवासीच तो करतात. ती गाडी १९३० साली त्याच दिवशी सुरू झाली. धाकट्याला एकदा तिथे जायचं आहे. फार्मसीचा मुलगा म्हणतो, आपण इथे शटलचा करू. १८७० पासूनची आहे, डेक्कन क्वीनपेक्षा साठ वर्षांनी मोठी. केक कुठून आणायचा यावर त्यांचं अजून भांडण चालू आहे. काकांना जिलबी हवी आहे.

परवा दुपारी दुकानाच्या कामासाठी हे नांदुऱ्याकडे गेले होते. फाटकावर अडकले असताना मला फोन. गर्दीचा आणि मालगाडीचा आवाज. म्हणाले, “घरी आहे का तो? त्याला विचार, एकामागे एक जोडलेली दोन इंजिनं असावीत तसं लांबलचक एकच इंजिन आहे, डबे मोजता मोजता थकलो. हे कोणतं?”

मी विचारलं. आतून ओरडून उत्तर आलं, “डब्ल्यूएजी-१२! बारा हजार हॉर्सपॉवर! बिहारमध्ये मधेपुऱ्याला बनतं! क्रमांक लिहून घ्या म्हणावं!”

मी निरोप दिला. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, “थांब, पेन नाही. तूच लिही. सांगतो.”