हस्तांदोलन फसते कुठे?

एक-चौदाचा उतारा, वीजबिल, निवासी दाखल्याचा अर्ज यांसाठी पेडणे-डिचोलीच्या माणसाला पणजी गाठावी लागू नये, हे ऑनलाइन सेवांचे मूळ आश्वासन. परंतु पडद्यावर ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असे उमटले की ते तिथेच अडते, आणि राग रेंजवर निघतो. वास्तविक, हा इशारा दिसला म्हणजे बहुतेक वेळा निरोप सर्व्हरपर्यंत पोहोचलेला असतो. फसलेली असते ती दोघांची ओळखपरेड.

सर्व्हरने दाखवलेल्या प्रमाणपत्रावरचे नाव, मुदत आणि ते देणारी संस्था ब्राउझर तपासतो. दोष कोणाकडे, हे ओळखणे फारसे अवघड नाही. एकाच संगणकावर सगळीच संकेतस्थळे रुसली, तर आधी त्याचे घड्याळ पाहावे. जुन्या यंत्राची छोटी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि वैध प्रमाणपत्रही अवैध ठरते. एकच संकेतस्थळ संगणकावर उघडते, पण मोबाइलवर नाही, तर सर्व्हरने मधल्या साखळीचे प्रमाणपत्र जोडलेले नसण्याची शक्यता मोठी. आणि इशाऱ्याखाली पुढे जाण्याची वाटच नसेल, तर सर्व्हर अजून टीएलएस १.० किंवा १.१ वर अडलेला असू शकतो. या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या.

सायबर कॅफेत ‘प्रगत’वर टिचकी मारून पुढे जाण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आधार क्रमांक भरायच्या पानावर तो घातकच. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. त्यानंतर क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या डोमेनपुरता सीमित केला. सरकारी शिक्क्यालाही ब्राउझर डोळे झाकून मानत नाहीत, ते यासाठी.

खरी कसोटी पुढे आहे. प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवसांची होती. ती १५ मार्च २०२६ पासून २००, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७ दिवस, असा क्रम ठरला आहे. वर्षातून एकदा आठवणीने नूतनीकरण करणाऱ्या पतसंस्था, देवस्थाने, शाळा यांना ते हाताने झेपणार नाही. लेट्स एन्क्रिप्टसारखी विनाशुल्क, आपोआप चालणारी सोय उपलब्ध आहे. पण ती सर्व्हरवर बसवायची कोणी, संस्थेने की संकेतस्थळ बांधून देणाऱ्याने, हे कंत्राटात आजच लिहून घ्यावे लागेल.